एका ठिपक्यावरून वाचलेला ताऱ्याचा अंत

कृष्णविवराने एखादा तारा फाडल्याची बातमी येते तेव्हा तिच्यासोबत हटकून एक चित्र असते: काळ्या गोलाभोवती वेटोळे घातलेला केशरी वायूचा पट्टा. ते चित्रकाराच्या कल्पनेतून उतरलेले आहे हे खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि सहसा कोणी वाचत नाही. प्रत्यक्षात कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेच्या केंद्रात घडणारा हा सारा प्रकार हबलसारख्या दुर्बिणीलाही केवळ एक ठिपका म्हणून दिसतो. त्या ठिपक्याचे तेज आणि वर्णपट दिवसागणिक कसे बदलतात, एवढीच सामग्री खगोलशास्त्रज्ञांच्या हाती असते. मला कौतुक वाटते ते या तुटपुंज्या सामग्रीतून त्यांनी काय काय काढले याचे.

तारा कृष्णविवराच्या फार जवळून जाऊ लागला की त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूंवरील ओढीतला फरक त्याच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाला भारी पडतो आणि तारा ताणला जाऊन तुटतो. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ मार्टिन रीस यांनी १९८८ मध्ये मांडल्याप्रमाणे साधारण निम्मे द्रव्य दूर भिरकावले जाते, तर उरलेले हळूहळू परत येते आणि त्याचा ओघ ठरावीक गणिती नियमाने कमी होत जातो. त्यामुळे शोधायचे काय, हे बरेचसे आधीच ठाऊक होते: शांत दीर्घिकेच्या केंद्रात अचानक उजळून महिनोन्महिने ओसरत जाणारा प्रकाश. मात्र कृष्णविवर सुमारे दहा कोटी सूर्यांहून जड असेल, तर सूर्यासारखा तारा बहुधा अखंडच गिळला जातो आणि बाहेर काहीच दिसत नाही.

परत येणारा वायू इतका तापतो की त्याची बरीच ऊर्जा अतिनील आणि क्ष-किरणांत बाहेर पडते. हे किरण वातावरणात अडत असल्यामुळे दुर्बीण अवकाशातच हवी. १९९० च्या दशकात रोसॅट या उपग्रहाने अशा घटनांचे पहिले क्ष-किरण पुरावे दिले. अडचण अशी, की एका दीर्घिकेत असा प्रसंग दहा हजार ते लाख वर्षांतून एकदा येतो. तो सापडेपर्यंत त्याची सुरुवात बहुधा निसटलेली असते.

म्हणूनच जानेवारी २०१९ मधली असॅसन-१९बीटी ही घटना मला सर्वांत मोलाची वाटते. ३७.५ कोटी प्रकाशवर्षांवरचा हा उजाळा असॅसन या जमिनीवरच्या दुर्बिणींच्या जाळ्याने २९ जानेवारीला हेरला. पण परग्रहांच्या शोधासाठी सोडलेली टेस ही अवकाश दुर्बीण आकाशाचा नेमका तोच भाग दर ३० मिनिटांनी टिपत होती. तिच्या नोंदी हाती आल्या तेव्हा प्रकाश २१ जानेवारीपासूनच वाढू लागला होता, आणि तोही अगदी सलगपणे, हे स्पष्ट झाले. दरम्यान स्विफ्ट या अवकाश दुर्बिणीच्या मोजणीत तापमान काही दिवसांतच सुमारे ४०,००० अंश सेल्सियसवरून २०,००० अंशांवर आलेले दिसले.

मेलेल्या ताऱ्याची ओळखही पटवता येते, हे त्याहून नवलाचे. २९ कोटी प्रकाशवर्षांवरच्या असॅसन-१४एलआय या २०१४ मधील घटनेत चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणींनी घेतलेल्या क्ष-किरण वर्णपटांत कार्बनच्या मानाने नायट्रोजन फारच जास्त आढळला. जड ताऱ्यांच्या गाभ्यात हायड्रोजन जळताना कार्बनचा बराचसा नायट्रोजन होतो. त्यावरून तुटलेला तारा सूर्याच्या सुमारे तिप्पट वस्तुमानाचा असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला.

अलीकडे या अवशेषांचा आणखी एक उपयोग पुढे आला आहे. काही दीर्घिकांच्या केंद्रांतून ठरावीक अंतराने क्ष-किरणांचे स्फोट होतात, हे २०१९ पासून माहीत होते. कारणाबद्दल मात्र वाद होता. त्याच वर्षी सापडलेल्या एटी२०१९क्यूआयझेड या घटनेत तारा फाटून त्याच्या वायूची तबकडी बनली आणि काही वर्षांनी तिथूनच साधारण दर ४८ तासांनी असे स्फोट होताना चंद्रा दुर्बिणीला दिसले. अवकाश स्थानकावरची क्ष-किरण दुर्बीण नायसर, स्विफ्ट आणि भारताचा खगोल उपग्रह अ‍ॅस्ट्रोसॅट यांच्या निरीक्षणांचाही या अभ्यासात वाटा होता. कृष्णविवराभोवती आधीपासून फिरणारा एखादा तारा किंवा लहान कृष्णविवर ही तबकडी पुन्हा पुन्हा भेदत असावे, असे संशोधकांचे मत आहे. त्यासाठी तबकडी त्या कक्षेपर्यंत पसरलेली असणे आवश्यक होते, आणि हबलच्या अतिनील निरीक्षणांवरून काढलेला तिचा आकार तेवढा मोठा भरला.