आंब्याचे चित्र असलेली बाटली

“आजी, हा आंब्याचा इसेन्स आहे का?” असे विचारत आज सकाळी गंगापूर रोडच्या आमच्या घरी सहा वर्षांच्या नातीने भाच्याच्या बॅगेतून पडलेली बाटली माझ्यापुढे धरली, आणि क्षणभर मलाही तसेच वाटले.

ते व्हेपिंगचे ई-लिक्विड होते, म्हणजे ई-सिगारेटमध्ये भरून त्याची वाफ ओढतात तो द्रव. चष्मा लावून लेबल दोनदा वाचले: आंब्याचे मोठे चित्र, खाली ‘३’ हा एकच आकडा, एकक नाही, इशारा नाही, उत्पादकाचे नावही नाही. हे तीन म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ३ मिलिग्रॅम निकोटिन, की ३ टक्के, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम? फरक दहापट आहे, आणि निकोटिन गिळल्याने तसेच त्वचेतून शोषले गेल्यानेही विषबाधा होऊ शकते. झाकण तर मुलाला सहज उघडेल असे साधे होते.

युरोपीय संघात अशा द्रवात मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमहून अधिक निकोटिन चालत नाही आणि मुलांना न उघडणारे झाकण सक्तीचे आहे. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच्या विक्रीवरच बंदी असल्यामुळे चोरवाटेने आलेल्या बाटलीवर काय छापले आहे, हे तपासणारे कोणीच नसते.

भाचा म्हणाला, “मावशी, चव आवडली म्हणून घेतली, आकडा कोण वाचतं?”

तुमच्या घरातल्या मुलांच्या बॅगेत अशी बाटली असेल, तर तुम्हाला ती ओळखता येईल का?