मायग्रेशन नसलेला मारा

केनियाहून आल्यापासून जो भेटतो तो पहिलं हेच विचारतो, क्रॉसिंग बघितलं का? म्हणजे टीव्हीवर दाखवतात ते, दरवर्षीच्या स्थलांतरात (तेच मायग्रेशन) हजारो वाइल्डबीस्ट, मोठी हरणंच ती, धडाधड नदीत उड्या मारतायत आणि खाली मगरी टपून बसल्यायत. नाही बघितलं. आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो आणि फेब्रुवारीत तो सगळा लवाजमा खाली टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेकडच्या मैदानांत पिल्लं घालत असतो. मासाई मारामध्ये, म्हणजे आम्ही गेलो त्या केनियातल्या अभयारण्यात, यायला त्यांना साधारण जुलै उजाडतो. हे माहीत होतं, माहीत असूनच तारखा ठरवल्या, आणि आता समोरच्याचा चेहरा पडतो तेव्हा मला उगाच सगळं समजावत बसावं लागतं म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू.

पहिलं कारण सरळ पैशाचं. मासाई मारा नॅशनल रिझर्व्हची एन्ट्री फी परदेशी माणसाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर, माणशी, आणि तीही दर दिवसाची. आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई, गुणाकार तुम्हीच करा. वर कॅम्पचे रेटही सीझनला चढतात. दुसरं कारण सासूबाई. त्यांचे गुडघे बरे आहेत पण गर्दी त्यांना अजिबात सहन होत नाही, आणि ऑगस्टमधले नदीकाठचे फोटो नीट बघाल तर प्राण्यांपेक्षा गाड्याच जास्त दिसतात.

नैरोबीहून आम्ही रस्त्याने गेलो. विल्सन एअरपोर्टवरून छोटी विमानं जातात, पाऊण-एक तासात पोचवतात, पण सामान १५ किलो आणि तेही मऊ बॅगेत, शिवाय मला ती रिफ्ट व्हॅली बघायची होतीच. चढ संपतो, रस्ता वळतो आणि एकदम डाव्या हाताला जमीनच संपते, खाली धुरकट सपाट दरी आणि तिच्यात एकटाच लोंगोनोट ज्वालामुखी. उतारावर रस्त्याच्या कडेला एक इवलंसं चर्च आहे, दुसऱ्या महायुद्धात हा रस्ता बांधणाऱ्या इटालियन युद्धकैद्यांनी १९४२ मध्ये बांधलेलं, आत जेमतेम डझनभर माणसं मावतील. पुढे नारोक, तिथे डिझेल, चहा, चपाती (हो, चपातीच म्हणतात, तिथल्या लोकांचं रोजचं खाणं झालंय ते), आणि मग सेकेनानी गेट. गेटवर गाडी थांबली की मण्यांच्या माळा घेऊन मासाई बायका खिडकीशी येतात. सासूबाईंनी मराठीत घासाघीस केली, त्या मासाई बाईने तिच्या भाषेत केली, सौदा झाला, आणि पैसे मोबाइलवर एम-पेसाने, कारण आमच्याकडे सुट्टे शिलिंग नव्हते आणि गाइडने त्याच्या फोनवरून टाकले. २००७ पासून आहे ते केनियात, माळा विकणारीपासून सगळ्यांकडे चालतं.

आता सिंह. सगळ्यांना तेच ऐकायचं असतं. तर सिंह दिसले, भरपूर दिसले, आणि बहुतेक वेळा झोपलेले दिसले. दिवसातले वीस-वीस तास पडून असतात म्हणे. एका झुडपाखाली आठ-नऊ जणी एकमेकींच्या अंगावर पाय टाकून पसरलेल्या, पोटं टम्म. सासूबाई बराच वेळ दुर्बिणीतून बघत होत्या, मग हळूच म्हणाल्या, "अगं, ह्या झोपल्यात की मेल्यात?" तेवढ्यात एकीने कुशी बदलली. "नाही, आहे धुगधुगी." मग एक छावा उठला, आमच्या गाडीच्या सावलीत आला आणि मागच्या चाकाला टेकून परत झोपला, त्यामुळे आम्हाला हलता येईना. गाइडने इंजिन बंद केलं आणि पाय लांब केले. त्याला अशी सवय होती.

रिझर्व्हमध्ये गाड्यांना रेडिओ असतो आणि सगळा खेळ त्या रेडिओवर चालतो. सिम्बा म्हणजे सिंह, चुई बिबट्या, दुमा चित्ता, एवढे शब्द पहिल्याच सकाळी आपोआप पाठ होतात. रेडिओवर "दुमा" आलं की गाडी वळली, धूळ उडाली, निघाले सगळे. नियम तसे स्पष्ट आहेत, एका प्राण्याजवळ एका वेळी पाच गाड्या, अंतर २५ मीटर, कोणी ताटकळत असेल तर दहा मिनिटांत जागा सोडायची, रस्ता सोडून गवतात उतरायचं नाही. आम्ही पोचलो तेव्हा त्या चित्त्याभोवती पंधरा-वीस गाड्या होत्या, आणि हा म्हणे कमी गर्दीचा महिना! मादी होती, बरोबर दोन अर्धवट वाढलेली पिल्लं. लांब थॉमसन गॅझेल ह्या छोट्या हरणांचा कळप चरत होता. ती मान खाली घालून दबकत चार पावलं जायची की एखादी गाडी पुढे सरकून मधे यायची, कारण पाहुण्यांना फोटो पाहिजे. असं तीनदा झालं. मग ती बसली. मग उठून उलट्या दिशेने चालायला लागली आणि गॅझेलं तिकडे निवांत चरत राहिली. एका गाडीतून कोणीतरी चक्क शिट्टी मारली, तिने इकडे बघावं म्हणून.

चित्ता शिकार करतो दिवसा, कारण रात्र सिंहांची आणि तरसांची, आणि त्यांच्यापुढे ह्याचं काही चालत नाही. म्हणजे आपण सफारीला निघतो त्याच वेळात बिचाऱ्याला पोट भरायचं असतं. तिथल्या चित्त्यांवर फेम्के ब्रोखाउस ह्या संशोधिकेने केलेला अभ्यास २०१८ मध्ये आला होता, तो परत आल्यावर मी शोधून वाचला. पर्यटकांची खूप वर्दळ असलेल्या भागात मादीच्या एका वेतातली सरासरी ०.२ पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत जगत होती, आणि कमी वर्दळीच्या भागात २.३. दहापट फरक. तो आकडा वाचला आणि मला ती शिट्टी आठवली.

म्हणून मुक्कामाचा जास्त भाग आम्ही कंझर्व्हन्सीत ठेवला होता, आणि ह्याबद्दल कोणी नीट सांगत नाही म्हणून जरा विस्ताराने. रिझर्व्ह म्हणजे नारोक काउंटीच्या ताब्यातलं जंगल, साधारण १५०० चौरस किलोमीटर. त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला लागून मासाई कुटुंबांच्या स्वतःच्या जमिनी आहेत. मधे कुंपण काही नाही, प्राणी इकडून तिकडे फिरतात. ह्या जमीनमालकांनी जमिनी एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाड्याने दिल्या, त्याचं भाडं थेट त्या कुटुंबांना मिळतं, प्राणी दिसोत न दिसोत, पाहुणे येवोत न येवोत. आम्ही ज्या नाबोइशोत राहिलो ती २०१० मध्ये सुरू झाली, पाचशेच्या वर जमीनमालक आहेत. गुरंही चरतात, पण कधी कुठे ते ठरवून. आमचा गाइड, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा, त्याच्याच वडिलांची जमीन ह्यात होती. लहानपणी तो इथेच शेळ्या राखायचा आणि तेव्हा सिंह म्हणजे शेळी खाणारा चोर होता. आता? मी विचारलं. आता पण चोरच आहे, म्हणाला, पण भाडं देतो.

इथे कॅम्प मोजके, गाड्या मोजक्या, पाचचा नियम खरोखर पाळला जातो, आणि रिझर्व्हमध्ये बंदी असलेल्या दोन गोष्टी इथे चालतात, गाडी रस्ता सोडून नेता येते आणि रात्रीची सफारी करता येते. पण मला आवडलं ते वेगळंच, तिथे कोणाला घाई नव्हती. गाइडने रेडिओचा आवाज एवढा बारीक ठेवला होता की असून नसल्यासारखा.

आणि तिथे आम्ही बघितली तरसं. सासूबाई नाक मुरडून बसल्या, "तरसं काय बघायची, मेलेलं खाणारी." गाइडने गाडी एका उंचवट्याजवळ नेऊन लावली आणि म्हणाला थांबा. वारूळ होतं ते जुनं, त्याच्या बाजूला अरुंद बिळं. पाच मिनिटं काहीच नाही. मग एका बिळातून दोन काळे कान, मग काळं तोंड, आणि एक पूर्ण काळं, ठिपके अजून न आलेलं पिल्लू बाहेर आलं, कुत्र्याच्या पिल्लासारखं गोल पोटाचं. ही जन्मतः डोळे उघडे आणि दात आलेली असतात. मागून अजून दोन आली, ही जरा मोठी, मानेवर आणि खांद्यावर ठिपके उमटायला लागलेले. बिळाचं तोंड असं असतं की मोठं जनावर आत शिरूच शकत नाही, सिंहसुद्धा नाही आणि स्वतःची आईसुद्धा नाही, तिने बाहेरून हाक मारायची आणि पोरांनी बाहेर यायचं. एकाने वाळलेल्या कातड्याचा तुकडा तोंडात धरला होता, दुसऱ्याने तो ओढायला सुरुवात केली, रस्सीखेच, मधेच पहिल्याने सोडून दिला आणि दुसरं मागे कोलमडलं. ते काळं पिल्लू मात्र सरळ गाडीकडे आलं, खाली टायर हुंगला, आणि रबर चावून बघितलं. चावल्याचा आवाज वर आम्हाला येत होता! गाइडने हळूच दारावर टकटक केलं तेव्हा कुठे गेलं.

तेवढ्यात आई आली, आमच्या गाडीला वळसा घालून, पोट लोंबतंय, कान एका बाजूने फाटलेला. पिल्लं धावली, ती आडवी झाली आणि दूध पाजायला लागली. गाइडने सांगितलं की तरसांच्यात राज्य बायकांचं. मादी नरापेक्षा मोठी, अंगावर येईल अशी, आणि बाहेरून आलेला नर सगळ्यांच्या खाली. पिल्लाला आईच्या लगेच खालचा मान मिळतो, म्हणजे राणीचं पोरगं दुसऱ्या मोठ्या माद्यांच्याही वर. दूध वर्षभर, कधी त्याहून जास्त पाजतात. आणि मेलेलं खाणारी वगैरे म्हणाल तर बरंचसं खाणं ती स्वतः शिकार करून मिळवतात, उलट सिंहच कितीदा येऊन त्यांच्या तोंडचा घास पळवतात. तालेक नदीच्या भागात के होलेकँप ह्या संशोधिका आणि त्यांची टीम १९८८ पासून ह्या तरसांच्या पिढ्यान् पिढ्या नोंदवतेय, कोण कोणाची आई, कोण कोणाच्या वरचढ, सगळं. सासूबाईंनी हे सगळं माझ्याकडून मराठीत ऐकून घेतलं, "मालकीण आहे म्हणजे घरची," एवढंच बोलल्या, पण नंतर अख्ख्या सफारीत त्यांनी स्वतःहून परत जाऊया म्हटलं ते ठिकाण हेच. गेलो की मग परत.

एकदा थांबायला लागलं की साध्या गोष्टी दिसायला लागतात. हत्ती गवत कसं खातो हे मला माहीत नव्हतं. पुढच्या पायाच्या नखाने खसकन लाथ मारून गवत बुडापासून सैल करतो, सोंडेने जुडी गुंडाळतो, उपटतो आणि मग ती जुडी स्वतःच्या पायावर दोन-तीनदा आपटून माती झाडतो, नंतर तोंडात. दर घासाला. शेजारी त्याचं पिल्लू सोंड फिरवून फिरवून एकच काडी धरायला बघत होतं आणि ती पडत होती, शेवटी बसलंच खाली. टोपी नावाचं एक हरीण असतं, मांड्या काळपट जांभळ्या, ते वारुळावर चढून पुतळ्यासारखं उभं राहतं, टेहळणी. बिबट्या दिसला म्हणजे शेपूट दिसली, झाडावरून लोंबणारी. गेंडा नाही दिसला. बिग फाइव्ह पुरे झाले नाहीत त्यामुळे, पण ही यादीच मुळात शिकाऱ्यांची, पायी फिरून मारायला कोणते पाच प्राणी सगळ्यात अवघड ते, तिचा आपल्याशी काय संबंध.

थंडीबद्दल कोणी सांगितलं नव्हतं असं होऊ नये म्हणून सांगते, विषुववृत्त जवळ असलं तरी जागा दीड हजार मीटरच्या वर आहे, पहाटे उघड्या गाडीत दात वाजतात. फ्लीस, कानटोपी, आणि अकरा वाजता तेच सगळं काढून टोपी-गॉगल. रात्री कॅम्पवाले अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवून जातात आणि ते कोणी आधी सांगत नाही. सासूबाईंच्या तंबूतून जी किंकाळी आली ती ऐकून भाला घेतलेला मासाई रखवालदार धावत आला, पांघरुणात काहीतरी ऊबदार आणि मऊ होतं म्हणे. अंधार पडल्यावर तंबूबाहेर एकट्याने जायचं नाही, टॉर्च दाखवला की रखवालदार येतो. दुपारचं जेवण झाडाखाली, डब्यात उकडलेलं अंडं, केळं, भाजलेलं चिकन, शाकाहाऱ्यांना सँडविच. गाइड आधी त्या झाडाला गाडीतून पूर्ण फेरी मारतो, वर फांद्यांत बघतो, झुडपं बघतो आणि मगच उतरा म्हणतो. बाथरूम म्हणजे गाडीची मागची बाजू, लाज पहिल्या दिवशी संपते.

जाणार असाल तर माझं मत एवढंच की पार्कांची यादी वाढवू नका, एकाच ठिकाणी जास्त रात्री राहा, आणि बुकिंग करताना गाडीत किती जण आणि गाइड कुठला हे आधी विचारा, तंबूत बाथटब आहे का ते नंतर. दुर्बीण माणशी एक, नवऱ्याशी वाटून घ्यायला गेलात तर भांडणं होतात. व्हिसा आता नाही, त्याऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, ऑनलाइन काढायचा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, पॅकिंग करताना सामानात एकही जाऊ देऊ नका, आणि पाण्याच्या वापरून फेकायच्या बाटल्याही २०२० पासून पार्कात चालत नाहीत, स्टीलची बाटली न्या, कॅम्पवर भरून देतात. यलो फीव्हरची लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, एकदा घेतली की जन्मभर पुरते, आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टच्या आतच ठेवा, चेक-इन बॅगेत नाही, कारण केनियातून परत उतरलं की इमिग्रेशनच्या आधीच ते मागतात.