मे महिन्यातली ओल

वरुड तालुक्यात भर मे महिन्यात जमिनीची ओल एकाएकी वाढली, तर दोनच शक्यता. एक तर कुणी पाणी सोडलं, नाहीतर सेन्सर बिघडला. आमची कंपनी बागांत ओल मोजणारी यंत्रं बसवते; त्यांचे आकडे दाखवणाऱ्या डॅशबोर्डवर एका संत्र्याच्या बागेचा आकडा रातोरात तळातून थेट वर गेला आणि तिथेच बसला. ओलित केल्यावर आलेख चढतो, मग पायरी पायरीनं उतरतो: दुपारी झाड पाणी ओढतं तेव्हा जास्त, रात्री जवळपास सपाट. हा उतरायचं नावच घेईना. पुण्याच्या टीमकडून तिकीट, म्हणजे कामाची नोंद, आली: ‘नोड खराब, बदला’. नोड म्हणजे सेन्सर आणि आकडा पाठवणारा रेडिओ असलेला डबा. बदलायला अर्थातच इंटर्न.

इंटर्नशिप म्हणजे एसीत बसून कोड लिहिणं, ही समजूत वरुड ऑरेंज सिटी स्टेशनला उतरल्यावर तासाभरातच गेली. आमचं ऑफिस एका कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत. इथे माणसं पहाटे रानात जातात आणि अकराच्या आत घरी येतात. दुपारी पंचेचाळीस डिग्रीत फक्त आमची ऑनलाइन मीटिंग चालू असते. कूलरच्या आवाजात निम्मं ऐकू येत नाही, त्यानं फारसं बिघडतही नाही. सगळ्या नोडचे आकडे गोळा करणारा गेटवे ८६५ मेगाहर्ट्झच्या लोरा (लांब पल्ल्याचा, कमी विजेचा रेडिओ) पट्ट्यात चालतो, रेंज किलोमीटरांत मोजतात, पण दाट बागेत सिग्नल पानांतच अडकतो. त्यामुळे नोडचे अँटेना आम्ही बांबूला बांधून झाडांच्या वर काढलेत.

खरी डोकेदुखी काळी माती. उन्हाळ्यात ती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सेन्सरच्या पात्याला माती घट्ट चिकटलेली असेल तरच आकडा खरा. भेग पात्यालगत गेली की ते हवा मोजतं आणि ‘जमीन ठणठणीत कोरडी’ असं ठोकून देतं. आमचं कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचा आकडा खऱ्या ओलीशी जुळवणं, पुण्यात, कुंडीतल्या भुसभुशीत मातीवर झालेलं. मी नमुने आणून सोनाराच्या काट्यावर तोलले, छोट्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर चोवीस तास वाळवले, पुन्हा तोलले. फरक लाजिरवाणा निघाला. अहवाल पाठवला, त्यावर अंगठा आला.

तर त्या बागेत गेलो. बांबू जागेवर, नोडचा डबा नाही. बागेचे मालक काकाजी, त्यांच्या घरी गेलो, तर आमचं यंत्र अंगणात रांजणाखालच्या ओल्या मातीत खोचलेलं, वर विटेचा तुकडा.

“तेथं बरं हाय थे. गप बसते.”

“काकाजी, काढलं कशाला?”

“रोज पहाटे मेसेज, झाडाले पाणी द्या, झाडाले पाणी द्या. अबे, पाणी मीनंच तोडलं ना! पोराले बी जाते थो मेसेज, नाशिकले. थो तिकून फोन करते, बाबा मोटर लावा, झाडं मरतीन.”

काकाजी मृग बहार घेतात. त्यासाठी मे महिन्यात पाणी पूर्ण बंद करून बागेला ताण द्यायचा, झाड जेरीस आलं पाहिजे. मग मृगाच्या पावसावर फूट निघते, फुलं येतात आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतं. मध्येच पाणी दिलं तर फुलांऐवजी नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटते, हंगाम हातचा जातो. वरुड-मोर्शीत भूजलाचा उपसा इतका झालाय, की बोअर आटण्याच्या दिवसांत पाणी न लागणारा बहार हा मोठाच आधार. पाणी वाचवायचं म्हणून आम्ही यंत्र विकलं आणि ते पाणी वाचवणाऱ्यालाच पाणी सोडायला सांगत होतं.

हे आधी कुणाला सांगितलं का, विचारलं. “सांगतलं ना तुमच्या त्या पोट्ट्याले. थो म्हने, सिस्टीममंदी बसत नाही.” तो पोट्टा आता आमचा सेल्स बघतो.

मग काकाजी मला बागेत घेऊन गेले. एक पान बोटांत धरून दाखवलं: कडा आत वळलेल्या, रंग फिका. “दुपारी तं सारेच वळते. पहाटे बी सरळ झालं नाही, तवा ताण बसला समज. जास्त झाला तं फांद्या वाळते, सल पडते. किती पुरे झाला, हे सांगते का तुमचं यंत्र? सांगत असन तं ठेव.”

सांगत नाही. भारी जमिनीत ताण जास्त दिवस लागतो, हलकीत कमी, एवढं मला नंतर कळलं. पण थांबायचं कधी, हा आकडा आमच्याकडे नाहीच. टीमनं उपाय केला तो मेसेज तीस दिवस बंद ठेवायच्या बटणाचा. बटण चांगलं आहे, रांजणाखालची जागा मोकळी झाली. पण काकाजींचा प्रश्न त्यात कुठेच नाही.

सेन्सर आता परत झाडाखाली आहे, भेगेत त्याच शेतातली माती कालवून घट्ट बसवलेला. रोज पहाटे मी आकडा लिहून घेतो आणि शेजारच्या रकान्यात काकाजी पान पाहून जे म्हणतात ते: ‘अजून नाही’, ‘येते हाय’, ‘धुऱ्याकडची दोन झाडं झाली’. पुण्याहून विचारणा आलीय, या रकान्याचं एकक काय?