बारा वर्षं राहिला म्हणून भाडेकरू मालक होत नाही

दर काही महिन्यांनी तो मेसेज परत फिरायला लागतो, सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय, भाडेकरू बारा वर्षं एका घरात राहिला की घर त्याचं झालं. आणि मग ज्यांनी आयुष्यभराच्या कमाईतून घेतलेला एखादा फ्लॅट भाड्याने दिलाय ती माणसं घाबरतात, कुणी चांगला भाडेकरू उगाच काढतं, कुणी घराला कुलूपच लावून ठेवतं. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण तो निकाल मी पूर्ण वाचलाय आणि त्यात असं काहीही नाहीये.

निकाल 7 ऑगस्ट 2019 चा, तीन न्यायमूर्तींचं बेंच. त्यांच्यासमोर प्रश्न असा होता की दुसऱ्याच्या जमिनीवर कुणी उघडपणे, मालकाचा हक्क न मानता, सलग बारा वर्षं कब्जा करून बसला (यालाच प्रतिकूल कब्जा म्हणतात) तर त्याला स्वतः वादी म्हणून कोर्टात जाता येतं का. आधी 2013 मध्ये कोर्टाने म्हटलं होतं की नाही, असा माणूस फक्त बचाव करू शकतो, म्हणजे मालकाने दावा लावला तर दावा लावायची मुदत संपली एवढं सांगू शकतो. 2019 मध्ये म्हटलं की दावाही लावता येतो. बस, एवढंच. यात भाडेकरूचा प्रश्न नव्हताच.

भाडेकरू परवानगीने आत आलेला असतो, भाडं देतो, म्हणजे दर महिन्याला मालकाला मालक मानतोच की. प्रतिकूल कब्जा म्हणजे बरोब्बर याच्या उलट. शिवाय 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 116 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ते 122 झालंय, ज्याच्याकडून जागा भाड्याने घेतली तो घेताना मालक नव्हताच असं भाडेकरू म्हणून राहत असताना म्हणता येत नाही. आता बारा वर्षांचा एक आकडा भाडेकरूच्या बाबतीत पण आहे हे खरं, मुदत कायद्याचं अनुच्छेद 67, पण ती बारा वर्षं भाडेकरार संपुष्टात आल्यापासून मोजायची, राहायला आल्यापासून नाही. हा फरक मेसेजमध्ये कुठून येणार!

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, निकालाची बातमी वाचू नका, निकाल वाचा, आणि निकाल वाचायचा म्हणजे आधी त्यातले मुद्दे वाचायचे. आपल्याकडच्या दिवाणी कोर्टाचा मराठीतला निकाल कधी हातात आला तर बघा, एका बाजूला मुद्दे असतात, "वादी हे शाबीत करतात काय, की..." अशी वाक्यं, आणि समोर निष्कर्ष, होकारार्थी किंवा नकारार्थी. मग कारणमीमांसा, मग आदेश. अख्खी केस त्या चारपाच ओळींत असते. कोर्ट कोण चांगला कोण वाईट हे ठरवत नाही, त्या ओळी शाबीत झाल्या का तेवढंच ठरवतं, आणि शाबीत करायला लागतात कागद, म्हणजे निशाणी पडलेले, कोर्टाने पुरावा म्हणून नंबर दिलेले कागद, बोलणं नाही.

भाड्याच्या घरांचंच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, कलम 55. करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रजिस्टर करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, मालकाने उलट शाबीत करेपर्यंत. लोक नोटरी करून आणतात आणि झालं म्हणतात, पण नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशन नाही. उलट लिव्ह अँड लायसन्स नीट रजिस्टर असेल तर कलम 24 मालकाच्या मागे उभं राहतं, मुदत संपून जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि जागा ताब्यात मिळेपर्यंत ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई. मालकांनी खरं तर या कलमाचे मेसेज फिरवायला पाहिजेत.

सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालक झालो, हा दुसरा तसाच समज. फेरफार नोंद महसुलासाठी असते, जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे ती बरोबर आहे असं गृहीत धरतात, पण विरुद्ध शाबीत होईपर्यंतच. हक्काचा वाद दिवाणी कोर्टातच सुटतो.

आणि मग साठेखत, म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याचा करार. इथे माणसं सगळ्यात जास्त बुडताना दिसतात, कारण पैसे दिलेले असतात, ताबासुद्धा मिळालेला असतो, वर एक कुलमुखत्यारपत्र पण करून दिलेलं असतं, आणि सगळ्यांना वाटतं व्यवहार झाला. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 स्पष्ट सांगतं की विक्रीच्या कराराने मिळकतीत कुठलाच हक्क तयार होत नाही. सुप्रीम कोर्टाने 11 ऑक्टोबर 2011 ला सूरज लॅम्प केसमध्ये हेच ठणकावून सांगितलं, साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असे तीन कागद एकत्र केले तरी खरेदीखत होत नाही. ताबा मिळालाय म्हणून तो काढून घेऊ नये असं त्याच कायद्याच्या कलम 53अ चं संरक्षण मागायचं, तर 24 सप्टेंबर 2001 पासून तो करारही रजिस्टर असावा लागतो.

मग समोरचा खरेदीखत करून देत नसेल तर काय, तर विशिष्ट पूर्ततेचा दावा, म्हणजे करार पाळायला लावा असा दावा, आणि तो तीन वर्षांत. तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून. अशा केसमध्ये खरेदीदार हमखास कुठे हरतो माहितीये का, "मी कायम तयार आणि राजी होतो" हे दाखवण्यात. नुसतं तोंडी म्हणून चालत नाही, उरलेले पैसे देण्याची ऐपत होती हे दिसायला लागतं, म्हणजे पासबुक, लोन मंजुरीचं पत्र, वेळेत पाठवलेली नोटीस. माणूस खरा असतो, विसारही दिलेला असतो, पण समोरच्यावर विश्वास ठेवून दोन वर्षं नुसते फोन करत राहिलेला असतो, आणि निष्कर्षाच्या रकान्यात नकारार्थी येतं. असं वाचलं की फार वाईट वाटतं, पण कोर्टासमोर दुसरं काही आलेलंच नसतं.

एक अजून, दावा जिंकला म्हणजे ताबा मिळाला असं नाही. त्यानंतर दरखास्त, म्हणजे निकालाची अंमलबजावणी करून द्या असा अर्ज, मग कब्जा वॉरंट, मग ते बजावणारा कोर्टाचा बेलिफ, आणि तिथेही मधेच कुणी तिसरा उभा राहून हरकत घेतो. हुकूमनामा मिळाल्यावरच इथल्या पक्षकाराची खरी अडचण सुरू होते हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाने, 1872 मध्ये म्हटलं होतं. 22 एप्रिल 2021 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, जास्त वेळ लागला तर त्याची कारणं लिहा. तेव्हा कुणाची दरखास्त रेंगाळत असेल तर वकिलांना या निकालाची प्रत अर्जासोबत जोडायला सांगा, आणि पुढची तारीख काय कारणाने पडली ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारखेतारखेच्या नोंदीत, लिहिलंय का ते ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर स्वतः बघा, तिथे केस नंबर टाकला की दिसतं.