हप्ता पडला का?

औसा तालुक्यातलं आमचं गाव, सगळा सोयाबीन नि तुरीचा पट्टा. मागच्या आठवड्यात गावी होतो तर पारावर एकच विषय, हप्ता पडला का. केंद्राच्या पीएम किसान योजनेचे वर्षाला ६००० रुपये, दर चार महिन्याला २००० असे, आणि राज्यानं २०२३ च्या बजेटमध्ये नमो शेतकरी म्हणून अजून तेवढेच जाहीर केले. शहरातली मित्रमंडळी विचारतात एवढ्याशा पैशासाठी कशाला एवढी धावपळ. अहो डीएपी खताची बॅग १३५० ची, पेरणीच्या तोंडावर २००० हातात आले तर दुकानातली उधारी एका बॅगेनं कमी होते.

माझ्या चुलतीचं सांगतो. काका २०२२ ला गेले, त्यांचा हप्ता बंद झाला, ते बरोबरच आहे, पण तिचा सुरू व्हायला दीड वर्ष गेलं. वारसाचा फेरफार होऊन सातबाऱ्याला नाव लागायलाच पाच महिने, मग नवीन अर्ज भरायला गेली तर केंद्रावरच्या पोरानं फेरफाराची तारीख बघून सांगितलं बसत नाही, १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी जमीन नावावर पाहिजे. खरं म्हणजे मालक वारला आणि जमीन वारसानं आली तर ही अट लागत नाही, नियमातच आहे तसं. पण तिला कोण सांगणार, ती गप घरी आली. मला कळलं दोन महिन्यांनी, मग काकांचा मृत्यूचा दाखला जोडून अर्ज परत भरला. त्यानंतर केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवायची, तर आंगठाच उठेना. चाळीस वर्षं खुरपं धरलेल्या हातावर रेषा राहतात कुठं? तीन चकरा झाल्या, शेवटी ॲपमध्ये चेहरा दाखवून काम झालं.

आणि एवढं होऊनही पासबुकात पैसे दिसेनात. शेवटी कळलं की अर्जाला झेरॉक्स कुठल्या का खात्याची लावा, पैसे जातात ते आधार जोडलेल्या खात्यात, आणि तिचं आधार जोडलेलं होतं जुन्या जनधन खात्याला, त्याचं पासबुक पेटीच्या तळाला. दोन हप्ते तिथंच पडून होते. तुमच्या घरात कुणाचं अडकलं असेल तर आधी हे तपासा, बँकेत जाऊन नुसतं विचारा आधार कुठल्या खात्याला लागलंय.

मला मात्र खरं छळतंय ते वेगळंच. आमचं साडेतीन एकर वडलांचे गुडघे गेल्यापासून बटईनं दिलंय. हप्ता वडलांच्या खात्यात पडतो, सातबारा त्यांचा ना. जो माणूस पेरतो, फवारतो, रात्री डुकरं हाकलायला शेतात झोपतो त्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही म्हणून ह्या योजनेत तो शेतकरीच नाही. पीकविम्यात बटईदाराला जागा आहे पण त्याला लेखी करार लागतो, आणि लिहून कोणी देत नाही, कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल ही भीती. आम्ही पण नाही दिलं.

ह्या वेळचा हप्ता मी वडलांना सांगून बटईदाराच्या खतावर घातला. वडील काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले पावती त्याच्याच नावानं कर. कराराचं मी वकिलाला विचारलंय, मृग लागायच्या आत करायचंय.