सरांची माशी

अमृत महोत्सवाच्या समितीचा फोन आला, शाळेबद्दल दोन पानं लिहून पाठव म्हणाले, आणि लिहायला बसले तर डोळ्यापुढे शाळा आलीच नाही, आमचे विज्ञानाचे सर आले. घंटा, प्रार्थना, प्रयोगशाळेचा तो कायम अडकणारा दरवाजा यावर बाकीचे लिहितीलच. मी सरांवरच लिहिणार. मी १९९३ ची दहावी, आणि त्या काळात खाडीवर लांब दांडा घेऊन उभे राहणारे सर म्हटलं की अंजर्ल्यापासून हर्णैपर्यंत कोणालाही कळेल कोण ते.

सरांची थोरली माझ्या वर्गात, एकाच बाकावर, त्यामुळे मला सर वर्गापेक्षा घरात जास्त दिसले. इतका घरात रमणारा माणूस मी परत पाहिला नाही. म्हाताऱ्या आईला सकाळचा चहा स्वतः करून द्यायचे, काकूंच्या शिलाई मशीनला तेल घालायचे, दोन्ही मुलींच्या वेण्यासुद्धा घालायचे, आणि हे सगळं त्या काळात, जेव्हा ओटीवर बसलेले बाकीचे पुरुष हातात पाण्याचा तांब्या मिळेपर्यंत हलायचे नाहीत. त्यांचा स्वतःचा शौक एकच, गरवणं, म्हणजे गळ टाकून मासे पकडणं. शनिवारी शाळा सकाळची, जेवून सर खाडीवर, आणि बरोबर आम्ही मुली. "पोरींना कशाला नेता हो" असं कोणीतरी म्हणायचंच, सर नुसते हसायचे आणि चालायला लागायचे.

जायची वेळ घड्याळावर नाही, तिथीवर ठरायची. तिथीची पाऊणपट केली की भरती कधी भरते ते साधारण कळतं, हे खाडीकाठच्या जुन्या माणसांचं गणित. आज चतुर्थी, चार पाऊण तीन, तीनला पाणी भरणार. अष्टमी, सहाला. अवस-पुनवेला उधाण का आणि अष्टमीला भांग, म्हणजे कमी चढणारी भरती का हे चंद्र-सूर्याच्या ओढीसकट सरांनी आम्हाला तरीच्या धक्क्यावर बसवून शिकवलं, पुस्तकात ते पान नंतर आलं.

आता माशीबद्दल. सर एकदा सगळ्या घराला घेऊन हिमाचलला गेले होते आणि तीर्थन नदीवर त्यांनी लोकांना ट्राऊट पकडताना पाहिलं. आमिष नाही, वजन नाही, नुसती पिसांची बांधलेली माशी. गडी तिथेच अडकला. आल्यावर महिनाभर तेच बोलणं. मग आपल्याच शाळेचा एक जुना विद्यार्थी बोटीवर होता, त्याने परदेशातून तसला दांडा, रीळ आणि जाड दोरी आणून दिली. ट्राऊट थंड पाण्यातला मासा, आपल्याकडे कुठला, पण सर म्हणाले खाडीतल्या माशालाही भूक असतेच ना. मग घरभर कारखाना. कोंबड्याच्या मानेची पिसं, काकूंचा दोरा, गणपतीच्या मखरातली उरलेली चमकी, गळ धरायला प्रयोगशाळेतला जुना क्लॅम्प, आणि शेवटची गाठ पक्की करायला धाकटीचं नेलपॉलिश. ती रडायची, सर दापोलीहून नवीन बाटली आणून द्यायचे आणि तीही परत माशीलाच जायची. कोलंबीसारखी एक माशी तर इतकी हुबेहूब जमली होती की मांजर ती पळवायला बघायचं. खाऱ्या पाण्याने रीळ सडतं म्हणून काकू पायरीशी गोड्या पाण्याची बादली भरून ठेवायच्या, कितीही उशीर होवो, बादली तिथे असायची.

नववीत असताना एकदा तास ऑफ होता तर सरांनी तो दांडा मैदानावर आणला, गळ काढून टोकाला लोकरीचा गोंडा बांधला. साध्या गरीला शिसं असतं, ते फेकलं की दोरी मागून जाते. इथे उलटं, माशीला वजनच नाही, वजन दोरीला, आणि दोरीच माशीला घेऊन जाते. दांडा मागे नेला की दोरी हवेत मागे पूर्ण उलगडू द्यायची आणि मगच पुढे आणायची, तेव्हा तो धनुष्यासारखा वाकतो आणि ती साठलेली ताकद दोरीत जाते. मुलगे सगळे जोर लावत होते, दोरी पायात गोळा. सर माझ्या मागे उभे राहून म्हणाले, "घाई नको गो बाय, मागे सरळ होऊ दे." आणि गोंडा सुटला तो थेट झेंड्याच्या कट्ट्यावर. स्थितिज ऊर्जा, गतिज ऊर्जा हे शब्द मला त्या दिवशी दंडात कळले, नंतर इंजिनियरिंगला कोणी कितीही समीकरणं मांडली तरी मला आधी ते मैदान आठवायचं.

आणि तो जिताडा, आमच्या खाडीतला मोठा, चवीचा मासा. घरी पाहुणे यायचे होते, काकूंनी वाटण वाटून ठेवलेलं, आणि सरांच्या माशीला एवढा मोठा जिताडा लागला की आम्ही तिघी काठावर नाचत होतो. सरांनी तो पाण्यातच धरला. गळाचा काटा ते आधीच पकडीने दाबून ठेवायचे त्यामुळे गळ सहज निघाला. मग त्याचं तोंड प्रवाहाकडे करून जरा वेळ धरून ठेवला आणि सोडून दिला! जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, म्हणजे एवढा मोठा म्हणजे लाखोंनी अंडी घालणारी आई, ती खायची नाही, असं सरांचं म्हणणं. पावसाच्या सुरुवातीला चढणीचे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे मासे पकडायलाही ते कधी गेले नाहीत, कारण तेच, पोटात गाभोळी, म्हणजे अंडी. घरी काकू एक अक्षर बोलल्या नाहीत, त्या वाटणात बटाटे घातले, आणि सर पाहुण्यांना अभिमानाने सांगत होते की आज केवढा सोडला! मला वाटतं काकूंचं त्यांच्यावर किती प्रेम होतं हे त्या बटाट्याच्या रश्शाइतकं मला कुठेच दिसलं नाही.

मी पुढे इलेक्ट्रिकल केलं, वीज खात्यात लागले, आज माझ्या हाताखाली मोठी टीम आहे आणि पोलवर चढणारी मुलं मला मॅडम म्हणतात. मुलीने इंजिनियरिंग कशाला हा वाद आमच्या घरात झाला तेव्हा सर स्वतः येऊन वडिलांशी बोलले होते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडात खांब आणि माड सगळे आडवे, महिनाभर आम्ही रात्री-अपरात्री लाईनी ओढत होतो. मी टीम घेऊन गावात पोचले तर सर कौलं उडालेल्या घराच्या ओटीवर बसलेले, वाडीतले निम्मे माड गेलेले. पहिलं वाक्य काय, तर "दवाखान्याची लाईन झाली का? मग पाण्याच्या पंपाची घे." स्वतःच्या घराचं नावसुद्धा नाही. पुढच्या वर्षी सर गेले.

आता खाडीचं तोंड गाळाने भरत आलंय, बारीक भोकांची जाळी लावून बोटभर पिल्लंसुद्धा उचलतात, जिताडा दिसला की लोक फोटो काढतात. पूल झाला हे चांगलंच झालं, पण तरीच्या धक्क्यावर आता कोणी पोरं बसत नाहीत, आणि शाळेतल्या मुलांना आजची तिथी विचारली तर मोबाईल काढतात. मला याचं फार वाईट वाटतं आणि ते मी लिहिणारच.

सरांच्या थोरलीने तो दांडा शाळेला द्यायचं ठरवलंय. समितीला माझी हात जोडून विनंती, तो काचेच्या कपाटात ठेवू नका. दर महिन्यात एका शनिवारी मी यायला तयार आहे, लोकरीचा गोंडा मी आणते, पिसं काकू अजून जमवून ठेवतात. नववीच्या मुलामुलींसाठी तेवढा एक तास मैदान मोकळं ठेवा.