वार एक, जीव दोन

आज ताईची लेसर शस्त्रक्रिया झाली. विसावा आठवडा चालू आहे. पोटात जुळं, पण वार, म्हणजे बाळांना पोसणारी प्लासेंटा, एकच. त्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या, त्यातून एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जात राहिलं. एकाभोवती पाण्याची खोली 8 सेंटिमीटरच्या वर, दुसऱ्याभोवती 2 पेक्षाही कमी. ते बिचारं पिशवीत गुंडाळल्यासारखं भिंतीला चिकटलेलं.

ताई जागी होती, पोट तेवढं बधिर केलेलं. जेमतेम 3 मिलिमीटरच्या दुर्बिणीतून डॉक्टरांनी एकेक जोड शोधला, लेसरने बंद केला, मग जादा पाणी काढलं. ताई म्हणाली, पडद्यावर इवलासा हात दिसला गं. पुढे तिला बोलवेना.

वेळेत कळलं, कारण 16व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी होत होती. जुळं म्हटल्यावर आनंदात एक प्रश्न राहूनच जातो: वार एक की दोन? पहिल्या तीन महिन्यांतच ते सगळ्यात नीट दिसतं. आवर्जून विचारा.

मघाशी दोन्ही ठोके होते. उद्या सकाळी पुन्हा बघणार आहेत. तोवर ताईला झोप नाही, मलाही नाही.